उघड्या अंगाचं दृश्य

कोडंबाक्कम, सकाळ

चि. मलरविळी,

मदुराईच्या थिएटरातल्या त्या शिट्ट्या अजून माझ्या कानात आहेत. गोल गालांचा, पोट सुटलेला हिरो पडद्यावर आला की छप्पर उडायचं. शाळेत पाठ केलेल्या कवितांतही नायकाचे खांदे डोंगरासारखे असत. त्याच्या पोटाकडे कवी बघतच नसे. इथल्या सिनेमाच्या स्टुडिओत शिंपी असताना किडकिडीत हिरोंच्या सदऱ्यांत कापूस भरून मी त्यांना देखणं केलं.

सिनेमात उतरलेल्या आपल्या कदिरला मात्र पोटावर स्नायूंच्या चौकटी हव्या होत्या. "अप्पा, तुमचे हिरो म्हणजे नुसत्या इडल्या!" म्हणून चिडवायचा. उघड्या अंगाच्या दृश्याआधी दोन दिवस पाणी तोडलं की कातडी स्नायूंना चिकटते, हे त्याला जिमवाल्याने शिकवलं. तू बाळंतपणाला माहेरी होतीस. त्याने मला बजावलं, "मी पाया पडलो तरी पाणी देऊ नका."

"शेवटी ते काय म्हणाले?" असं तू फोनवर विचारलंस. मी म्हणालो, काही नाही. ते खोटं होतं. दुसऱ्या दुपारी तो म्हणाला, "अप्पा, एकच घोट." मी हसून म्हणालो, "हिरो व्हायचंय ना, राजा?" आणि स्वयंपाकघराला कुलूप घातलं. संध्याकाळी सेटवर कोसळला, तो उठलाच नाही.

आत्ता दार वाजलं. खिडकीतून पाहिलं तर तू, माहेराहून, कोइमतूरहून न कळवता आलेली, कडेवर बाळ. बाहेरून म्हणते आहेस, "मामंजी, उघडा. तुमच्याजवळच राहायला आलोय आम्ही."

हा कागद हातात घेऊनच दार उघडतोय.

तुझा मामंजी,
वेलायुदम