उष्टावणाची वाटी

ताई, कल्याणचा नमस्कार घे. दाजींनाही सांग.

मी राजकोटला बराबर हाय, काळजी करू नको. ऑर्डर पुरी होईस्तोर फोन शेटजवळ जमा हायेत. गावचा हरिओम ट्रक घेऊन आल्ता, त्याच्या हाती चिठ्ठी देऊन राह्यलो.

इथं चांदीचे कानवाले छोटे पेले घासतो. परदेशात चर्चमध्ये लेकराचं नाव ठेवतेत, तवा देतेत म्हणे. लेकराला जन्मभर काही कमी पडू नये म्हणून. आपल्यात मामा वाटी देतो, तसंच की!

तृप्तीचं उष्टावण मामाच्याच मांडीवर व्हायला पाहिजे, मला ठाऊक हाय. सुट्टी मागितली तर शेट हसला. "तुझ्याबिगर पोरगी उपाशी ऱ्हाणार का?" म्हणला.

झोपणं बी कारखान्यातच हाय. काम सुटलं की कपडे झटकून घेतेत. चांदीची भुकटी बाहेर जाऊ देत न्हाईत, मंग मला कुठून सोडतील?

आईच्या पेटीत माझ्या उष्टावणाची वाटी हाय. काठावर माझ्या दातांच्या खुणा हायेत. तिच्यातूनच खीर भरव, मी तिथंच हाय समज. आईचे गुडघे कसे हायेत?

वाटी काळी पडली असंल, चिंचेनं घास. लोकांच्या लेकरांचे एवढे पेले चमकवले, ती तेवढी माझ्या हातनं राह्यली.

तुझा भाऊ,
कल्याण