पट्टी मीच ठरवणार

२ फेब्रुवारी
आमच्या ‘स्लॅग व्हर्डिक्ट’ या मेटल बँडचा नवा अल्बम करायचा. संकल्प: बिअर बंद, चिडणं बंद. गाणी पहिल्या अल्बमइतकीच फास्ट, माझी किंकाळीही तितकीच वर. साठी उलटली म्हणून काय झालं? ड्रमर फोल्कर गुडघ्याचं निमित्त काढून बँड सोडून गेला. तसा मी त्याला काढणारच होतो.

११ फेब्रुवारी, संध्याकाळ
डोकं फिरलंय. युद्धकाळातल्या जुन्या बंकरमधल्या प्रॅक्टिसच्या खोलीत आमची पहिली रेकॉर्ड लावली, आमचा गिटारिस्ट डेटलेफ याची गिटार घेऊन सोबत वाजवायला गेलो, तर काहीच जुळेना. गिटारची पट्टी चक्क खाली उतरवलेली! डेटलेफ शांतपणे म्हणाला, बारा वर्षं झाली. दर टूरला थोडी थोडी उतरवत आलो.
“तुझा घसा ताणला जात होता, एकी. तुला कळलं नाही, म्हटलं बरंच झालं.”
म्हणजे बारा वर्षं याच्या गिटारीनं माझा आवाज खाली ओढला! शाळेपासूनचा दोस्त. जागच्या जागी काढून टाकला. घरी येऊन बिअर घेतली, पण आजच्यापुरतीच.

१२ फेब्रुवारी
उल्रिकेला सांगितलं. बायको असून म्हणते, “कान तुझे बहिरे, आणि हाकललंस त्याला?” तिच्याशी बोलणं बंद.

२० फेब्रुवारी
नवा गिटारिस्ट मिलान. सव्वीस वर्षांचा, मला अहो-जाहो करतो, ते एक बरं. मूळ पट्टीत वाजव म्हटलं. नक्की ना, म्हणून त्यानं दोनदा विचारलं. तिसऱ्या ओळीला माझा आवाज फाटला. बंकरमध्ये ओल फार.

५ मार्च
स्टुडिओ. माइक भिकार. बदलून घेतला, तोही भिकार. हीटरनं हवा कोरडी केलीय. करीवुर्स्टच्या सॉसेजवरचा तिखट सॉसही घशाला लागतो, सोडला. (दुपारी अर्धी प्लेट खाल्ली. फुकट जात होती.) बास गिटारवाला हसला, त्यालाही घरी पाठवला. मूळ संचातला आता मी एकटाच. वाद घालायला कोणी उरलं नाही, काम भराभर होईल.

१४ मार्च
घशाचा डॉक्टर म्हणतो, वरचा आवाज आता परत येणार नाही. इतकी वर्षं ओरडल्यावर दुसरं काय होणार, हेही वर. याला संगीतातलं काय कळतं?
रेकॉर्ड कंपनीला सोमवार, २३ मार्चपर्यंत गायलेली गाणी हवीत. मला अंदाज यावा म्हणून मिलाननं सगळी एकदा गाऊन ठेवली. वरची किंकाळी स्वच्छ, सहज. खूप राग आला. त्याचा नाही. भीती वाटली.

२१ मार्च
डेटलेफला फोन केला. म्हटलं, तुला माफ केलं. कशाबद्दल, ते त्यानं विचारलं नाही.

२२ मार्च, रविवार
डेटलेफ आला. मिलानच्या हातातली गिटार घेऊन अर्धी पट्टी उतरवली. गायलो. आवाज पोचला नाही. आणखी उतरवली. नाही. आणखी. शेवटी तारा इतक्या सैल पडल्या की लाकडावर आपटून नुसत्या खडखडायला लागल्या.
“याच्या खाली गिटार वाजत नाही, एकी.”
तारा हलक्या प्रतीच्या आहेत, मी म्हणालो.
असतील, तो म्हणाला. मग त्यानं तारा परत ताणून मूळ पट्टीत आणल्या. घाई न करता, एकेक. आणि मिलानला मानेनं माइककडे खूण केली.
मी बाजूला सरकलो.