महाराणीच्या झग्याची चार बोटे

मी, दरबारी मालिकेची निवृत्त वेशभूषाकार, वय बहात्तर, सुईत दोरा अजून पहिल्या खेपेला ओवते; त्यावरून माझे डोळे आणि डोके दोन्ही ठिकाणावर असल्याचे मानावे. हे मृत्युपत्र कुणाच्या सांगण्यावरून केलेले नाही. सांगायला घरात कुणी नाही.

१. राहते घर, दोन खोल्या, भाचीला. पुढच्या खोलीची खिडकी जोर लावल्याशिवाय उघडत नाही. भाचीही तशीच आहे, जमेल दोघींचे.

२. शिवणयंत्र व कात्र्या माझ्या हाताखालच्या बाईला. मोठ्या कात्रीने तिने कागद कापल्यास कात्री काढून घ्यावी.

३. दिग्दर्शकाला काही नाही. न बोलता चित्रातून गोष्ट सांगतो, म्हणून त्याने चार पारितोषिके घेतली. प्रत्यक्षात दरबारात कुणाचे वजन किती, हे मी झग्याच्या मागे लोळणाऱ्या शेपटीवर दाखवत असे. बादशहाची मर्जी असेल त्याची शेपटी लांब. मर्जी उतरली की चार बोटे कमी. प्रेक्षकांना बरोबर कळे. दिग्दर्शकाला सर्वांत शेवटी.

४. माझी थोरली बहीण त्या मालिकेत महाराणी होती. एका दुपारी ती सगळ्यांदेखत मला म्हणाली, "तुला सुईपलीकडे काय कळतं? माझ्यामुळे इथे आहेस." मी कात्री उचलली आणि तिच्या झग्याच्या शेपटीची चार बोटे कापली. कथेत तसे काही नव्हते. राग होता.

पडद्यावर ते दिसले. "महाराणी कधी पडणार?" अशी पत्रे पोत्याने आली. लेखकाला काही सुचत नव्हतेच, त्याच्या हाती आयते कोलीत मिळाले. तेराव्या भागात महाराणी हद्दपार झाली. ताईला पुन्हा काम मिळाले नाही. तिला तो दिग्दर्शकाचा डाव वाटला. मालिकेतल्या तिच्या शेवटच्या दिवशी माझा हात धरून म्हणाली, "या सगळ्यांत तू एकटीच माझी आहेस गं."

त्यानंतर मीच तिच्याकडे जायचे टाळले. एकोणीस वर्षे. दिग्दर्शक अनेक बाबतीत दोषी आहे, या बाबतीत नाही. मला लाज वाटत होती, अजून वाटते.

५. तो झगा मालिका संपल्यावर मी मागून घेतला. कापलेली पट्टी माझ्याच खणात होती. ती पुन्हा जोडली आहे. टाका दिसतो, लपवता आला असता, लपवला नाही. झगा ताईचा.

६. बाकी सारे माझ्यामागे अमलात यावे. कलम पाच आजपासून लागू आहे. याची एक प्रत आजच ताईला टपालाने जात आहे. झगा न्यायला तिने स्वतः यावे; भाचीला पाठवल्यास मिळणार नाही. भांडायचे असल्यास वेळ काढून यावे. दुपारी मी घरीच असते, दाराला कडी नसते.

साक्षीदार:
१. मालिकेतला जल्लाद. वाचताना त्याच्या डोळ्यांतून पाणी गळाले, सही फिसकटली आहे, ग्राह्य धरावी.
२. मालिकेतला राजवैद्य. याने काही न वाचता सही केली, जशी तो औषधे देत असे.

ताईची सही घेता येत नाही. जिला मिळायचे, तिने साक्ष देऊ नये म्हणतात.

सही: महाराणीची धाकटी बहीण
ठिकाण: पुढची खोली, खिडकी उघडी
दिनांक: नऊ फेब्रुवारी