नदीवर राहून गेलेल्या फांद्या

कुस्कोक्विम नदीकाठ, अलास्का

प्रिय आईस, तुझ्या भटक्या इवॉनचा नमस्कार.

मी धडधाकट आहे, हे आधी लिहून टाकतो. रेडिओवर इथल्या विमानाच्या अपघाताचं ऐकलं असशील. मी त्यात नव्हतो. तुझा गुडघा कसा आहे? बाबांनी जाळी दुरुस्त केली का?

गोठलेल्या नदीवर विमान उतरतं, तिथे दोन्ही कडांना फांद्या टाकायचं काम मला मिळालं होतं. तुला माहीतच आहे, बर्फ पांढरा नि आभाळही पांढरं असलं की त्या हिरव्या रांगांशिवाय वैमानिकाला जमीन कळत नाही. निम्म्या टाकल्या नि कोल्ह्याची पावलं दिसली. ताजी होती गं. गेलो त्यांच्या मागे.

तेवढ्यात हिमवादळ सुटलं, आणि त्यातच वासिली विमान घेऊन आला. एकटाच होता. फांद्या संपल्या तिथे त्याचा अंदाज चुकला, पंख बर्फात घुसला. मीच त्याला ओढून बाहेर काढलं.

"बाकीच्या फांद्या कुठेत रे पोरा?" एवढंच त्याने विचारलं. परवा तो घरी अंथरुणातच गेला.

गावात म्हणतात, फांद्या वाऱ्याने उडवल्या. मीही "हो" म्हणालो.

त्याची बायको ओलिंका रोज मला माशाचं सूप आणून देते. म्हणते, "खा रे माझ्या राजा, तू नसतास तर तो बर्फात एकटाच मेला असता." मी खातो, आई.

आता तिच्याकडेच निघालोय, खरं सांगायला. ती काय करेल ठाऊक नाही. पण या वेळी मी दुसऱ्या गावाला पळणार नाही, एवढं बाबांना सांग.

तुझाच,
इवॉन