कानात घातलेली वस्तू

प्रिय ठमे,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस. आईची तब्येत चांगली आहे, माझीही बरी आहे. टेबलाच्या या टोकाला बसून लिहितोय. चार कागद फाडून झाले, हा पाचवा. फोनवर बोलायला लागलो की माझा आवाज चढतो, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक? कागदावर निदान ओरडता तरी येत नाही.

कारखान्यात तीस वर्षं पत्रा कापायच्या यंत्राशेजारी उभा राहिलो आणि कानांची वाट लावून घेतली. डॉक्टरांनी मशीन लावायला सांगितलं, तर म्हटलं, असली थेरं म्हाताऱ्यांना. मग घरानंच माझ्याशी जुळवून घेतलं. आई हातवारे करते, तुझा फोन आला की बोलून झाल्यावर माझ्या कानाशी येऊन ओरडते, "मजेत आहे!" आणि मी मान हलवतो. गेल्या महिन्यात मनात आलं, हिला एकदा चकित करू. कुणाला न सांगता मोबाइलवरून कानाचं मशीन मागवलं. आई शिवणाच्या क्लासला शिकवायला गेली होती तेव्हाच खोकं आलं. सील फोडलं. आत मटाराएवढं यंत्र आणि तीन मापांची रबरी बोंडं. मधलं बरोबर बसलं. वर केस ओढून घेतले की कुणाच्या बापाला कळणार नाही. बेत असा, की आठवडाभर सराव करायचा आणि मग एक दिवस ती काहीतरी पुटपुटली की फटकन उत्तर द्यायचं.

पहिले तीन दिवस मी नुसता येडा झालो होतो. आपला फ्रिज गुरगुरतो, ठमे! जिन्यातली तिसरी पायरी करकरते. आणि आई काम करताना सारखी माझ्याशी बोलते. म्हणजे मला ऐकू जाणार नाही अशा बेतानं बोलते. "टाकला, परत ओला टॉवेल खुर्चीवर टाकला ठोंब्यानं." चाळीस वर्षं संसार केला, आणि मी ठोंब्या आहे हे मला आत्ता कळलं. पेपर तोंडासमोर धरून पोट दुखेपर्यंत हसलो.

चौथ्या दिवशी सकाळी तुझा फोन आला. आईचे हात पिठात होते, म्हणून तिनं फोन टेबलावर ठेवून स्पीकर लावला. मी समोर, दोन हातांवर, चहा घेत होतो. तिला चोरून बोलायची गरजच नव्हती. मी म्हणजे त्या टेबलावरचीच एक वस्तू. तुझा आवाज इतका स्वच्छ मी कितीतरी वर्षांनी ऐकला. आईनं विचारलं, "मनगट कसंय?" तू म्हणालीस, "प्लास्टर निघालं, पण बाटलीचं झाकण अजून फिरवता येत नाही." मग म्हणालीस, "त्याचा वकील म्हणतो, मी बाथरूममध्येच पडले." आई म्हणाली, "आता तरी बाबांना सांगू दे." आणि तू म्हणालीस, "नको. ते मला परत पाठवतील. एकदा पाठवलंय ना."

कप माझ्या हातात होता. तो खाली ठेवायचा असतो हेसुद्धा सुचेना. आईनं माझ्याकडे बघून हसून खुणेनं विचारलं, अजून चहा? मीही हसून मान हलवली. हसलो, ठमे. मला काय झालं होतं तेच कळत नव्हतं. चेहरा मात्र रोजच्यासारखा हसत होता.

तू बाथरूममध्ये घसरलीस असं मला सांगितलं होतं. मी ते खरं मानलं. तुझ्या घरी रबरी चटई पाठवून दिली. जावयाला मेसेज केला, "चटई दारापाशी नीट अंथरा, पोरीला जपा." त्यानं उत्तरात अंगठा पाठवला. तू त्या घरातून निघून आठ दिवस झाले होते, तू काम करतेस त्या लॅबजवळ भाड्याच्या खोलीत राहत होतीस, आणि त्यानं मला अंगठा पाठवला. मी तो आईला कौतुकानं दाखवला होता. तिनं तेव्हा तोंड का फिरवलं ते आता समजतं.

त्या दिवशी दुपारी मशीन कानातून उपटून खोक्यात भरलं आणि परत करायचा अर्ज भरला. कारण निवडा, म्हणे. आवाज येत नाही, आवाज फाटतो, वस्तू चुकीची आली. माझं कारण त्यात नव्हतं. दुसऱ्या दिवशी कंपनीच्या बाईंचा फोन आला. त्या काय म्हणतात ते कळायला तेच मशीन परत कानात घालावं लागलं, बघ माझी तऱ्हा. त्या म्हणाल्या, "काका, सील फोडलेलं आहे, कानात घातलेली वस्तू आम्ही परत घेत नाही. बिघाड असेल तर बदलून देऊ. ऐकू येत नाहीये का?" मी म्हटलं, "येतंय हो. सगळं येतंय." मग मला पुढे बोलवेना. त्या पोरीनं घाईनं फोन ठेवला नाही. थोड्या वेळानं हळूच म्हणाली, "काका, घरात कुणी आहे का? त्यांना हाक मारा."

मी आईला हाक मारली. ती पदराला हात पुसत आली आणि नेहमीच्या सवयीनं स्वतःशीच पुटपुटली, "आता काय हरवलं यांचं?" मी म्हटलं, "काही नाही हरवलं." तिचा चेहरा असा पांढरा पडला की मी उठून तिला खुर्ची दिली. "कधीपासून ऐकू येतंय?" मी म्हटलं, "शुक्रवारपासून." तिनं माझे केस बाजूला सारून कानात बघितलं. मला वाटलं रडेल. ती रडली नाही, चिडली. इतकी चिडलेली मी तिला कधी पाहिली नव्हती. म्हणाली, "पोरगी माझ्यापाशी सात महिने रडतेय आणि मी तुमच्या कानात मजेत आहे, मजेत आहे म्हणून ओरडतेय. तुमच्या भीतीनं. तुम्ही बहिरे झालात ते कारखान्यामुळे नाही." मग दोन तास तिनं सगळं सांगितलं.  

तू बॅग घेऊन आली होतीस त्याला दोन वर्षं होतील. रात्रभर आईच्या कुशीत झोपलीस आणि सकाळी मी म्हणालो, "भांडणं सगळ्यांकडे होतात, असं उठून यायचं नसतं." तुझी बॅग मीच उचलून स्टँडवर नेली, मीच वर रॅकवर चढवली. खिडकीतून तू माझ्याकडे बघितलंही नाहीस, आणि मी घरी येऊन आईला सांगितलं, "बघ, कशी शहाण्यासारखी गेली." माफ कर म्हणायला हात धजत नाही. आणि तू माफ करावंस म्हणून हे पत्र नाहीच.

आई सांगत होती, पुढच्या आठवड्यात बुधवारी तुझी तारीख आहे आणि वकीलबाई म्हणतात, आधीपासून मारहाण होत होती हे पाहिलेलं कुणी नाही. ठमे, त्या सकाळी तू बेसिनशी तोंड धूत होतीस आणि तुझी बाही वर गेली होती. दंडावर चार बोटांचे काळेनिळे वळ होते. मी दारातच उभा होतो. मी ते पाहिले, आणि त्यानंतर तुझी बॅग उचलली. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईलाही आजच, हे लिहायला बसण्याआधी सांगितलं, ती अजून माझ्याशी बोललेली नाही, टेबलाच्या त्या टोकाला बसून आहे. बुधवारी पहिल्या गाडीनं निघतो, साडेनऊला कोर्टाच्या फाटकाशी असेन. माझ्याशी बोलू नकोस, शेजारी बसू नकोस, तुझी मर्जी. फक्त वकीलबाईंना माझं नाव दे. मी पाहिलं होतं आणि तरी परत पाठवलं, दोन्ही सांगणार आहे.

तुझाच,
बाबा