नकाशात शेजारी असलेलं स्टेशन

मस्तगड, जालना
१४ जुलै २००६

चि. वसंतास,

ताईचे अनेक आशीर्वाद. तू, नंदा आणि पोरगी सुखात असाल, नव्या घराचा वास अजून गेला नसेल. इकडे आम्ही ठीक आहोत, म्हणजे फोनवर सांगता येईल इतपत ठीक आहोत. फोनवर तू "ताई, मीटिंगमध्ये आहे, पाच मिनिटांत करतो" म्हणतोस आणि ती पाच मिनिटं मग आठवडाभर चालतात, म्हणून हे पत्र. पत्रसुद्धा अर्ध्यावर ठेवून देता येतं, पण निदान लिहिणारीचं बोलून झालेलं असतं.

वास्तुशांतीच्या दिवशी, गुरुजी होम मांडत असताना, तू सगळ्यांसमोर मला विचारलंस की तुमच्या कंपनीने काढलेला मेट्रोचा नकाशा कसा वाटला. तुला म्हणे साध्या प्रवाशांची मतं गोळा करायची होती. मी साधी प्रवासी आहे हे मला तेव्हाच कळलं. धुराने डोळे चुरचुरत होते, मी "छान आहे" म्हणून मोकळी झाले. (तू ते लगेच लिहूनही घेतलंस.) पण ते माझं खरं मत नव्हतं. खरं मत जरा लांब आहे, आणि ते आमच्या येण्याच्या हकिगतीशिवाय सांगता येत नाही. ती हकिगत तू अजून विचारलेली नाहीस.

तुझा नकाशा कुरिअरने आला तेव्हा आईने तो आधी देवापुढे ठेवला, मग मला वाचायला लावला. लाल, हिरव्या, पिवळ्या रेघा, प्रत्येक रेघेवर टिपके, आणि काही टिपक्यांजवळ निळ्या चौकोनात चाकाच्या खुर्चीवर बसलेला माणूस. ज्या स्टेशनावर लिफ्ट आहे तिथेच ही खूण, असं खाली लिहिलेलं. तुझ्या सूरजबाग स्टेशनाभोवती तू पेनने गोल केला होतास, पण त्याच्याजवळ खूण नव्हती. आता लिफ्ट नसली तर दोन माणसं म्हाताऱ्या बाईला उचलून चार पायऱ्या चढवतील, असं तुमच्या कंपनीला वाटत असेल. पण आमची अडचण तुला ठाऊक आहे. कमरेचं हाड मोडल्यापासून आईला उचलते ती मीच. तुझ्या दाजींनी तिला हात लावलेला तिला चालत नाही. जावयाच्या अंगाला सासूने लागायचं नाही, हे ती मरेपर्यंत पाळणार. रिक्षावाल्याने उचललेलं चालतं, हमालाने उचललेलं चालतं, शेजारचा आडदांड पोरगा तर तिला पोत्यासारखं खांद्यावर घेतो तेव्हा ती हसते. पण जावई म्हटलं की पदर नाकापर्यंत. दाजी खुर्ची उचलतात, मी आई उचलते, अशी आमची वाटणी आहे.

तर बिनलिफ्टच्या स्टेशनावर उतरायचं नाही हे ठरलं, आणि दाजींनी नकाशा हातात घेतला. टेंभुर्णीच्या शेताच्या बांधावरून त्यांच्या घराचं भांडण किती वर्षं चाललं ते तू पाहिलंयस. त्यात गावनकाशा बघून बघून त्यांची नजर अशी तयार झालीय की कागदावर रेघ दिसली की ते दोरा मागतात. मी गोधडीतला दोरा दिला. त्यांनी तो तुझ्या लाल रेघेवर लावला, हिरव्या रेघेवर लावला, चष्मा वर केला आणि निकाल दिला. हिरव्या रेघेवर नहरपार नावाचं स्टेशन आहे, त्याला खूण आहे, आणि ते सूरजबागला खेटून आहे. मधे ज्वारीचा दाणा मावेल एवढीच जागा. "बांधाला बांध लागून हाय," ते म्हणाले, "इथं उतरू अन् ढकलत जाऊ. वसंताला कशाला तकलीफ?" गावनकाशा जे दाखवतो ते जमिनीवर असतंच, बाभळीचं झाड दाखवलं तर बाभळ असते. नकाशा खोटं बोलू शकतो ही गोष्ट आमच्याकडे कोर्टातसुद्धा कुणाला सुचली नव्हती. तरी मी तुला फोन केला होता. "नकाशात सगळं दिलंय ताई, बिलकुल सोपं आहे," म्हणालास, आणि मीटिंगमध्ये गेलास.

तू गाडीवर घ्यायला येशील म्हणून आई मनमाडपासूनच पदर सारखा करत होती. गाडीतून उतरतो तोच तुझा फोन आला की आचारी उशिरा आलाय, तुम्ही या, नकाशा आहेच. मी आईला सांगितलं, वसंताने आपल्यासाठी मेट्रो सांगून ठेवलीय. ती खूश झाली. मेट्रोच्या पहिल्या लिफ्टमध्ये गेल्यावर तिने चारी बाजूंनी बघितलं आणि मला हळूच म्हणाली, "एवढी चकाचक खोली, अन् बसायला काहीच न्हाई. हे वसंताचं घर का गं?" दाजींना हसू आलं. ते ऐकून तिने पदर आणखी खाली ओढला आणि मला म्हणाली, "त्यांना सांग, हसून नका राहू. पोरानं नवीनच घेतलंय." लिफ्ट मात्र सुंदर होत्या, हे तू लिहून घे. माणसंही भली. एका पोरीने तर डब्यापर्यंत खुर्ची ढकलली, आणि तेवढा वेळ माझे हात कसे लोंबत होते ते मला आठवतंय. काय करावं त्यांचं, तेच कळेना.

नहरपारला बाहेर आलो. समोर रस्ता, धूळ आणि एक उसाच्या रसाची गाडी. सूरजबाग कुठे म्हणून विचारलं तर रसवाला म्हणाला, "वो तो नहर के उस पार है, चाचा. पुल से घूम के जाना पड़ेगा. दूर है." दाजींनी त्याच्यासमोर नकाशा उलगडला आणि आपल्या जालन्याच्या हिंदीत वाद घालायला सुरुवात केली, "अरे दूर कायका? नक्शे में तो बाजूमेंच है!" रसवाल्याने नकाशा नीट पाहिला. मग म्हणाला, "तो नक्शे में ही चले जाओ." मला त्या माणसाचा राग यायला हवा होता, पण त्या दिवशी आमच्याशी पूर्ण लक्ष देऊन बोललेला तो पहिलाच माणूस होता.

खुर्ची बघून रिक्षावाले थांबेनात. शेवटी कूलर पोचवणारा एक सायकल-ठेल्यावाला तयार झाला. त्याने आणि रसवाल्याने मिळून आईला ठेल्यावर ठेवलं. तेवढा वेळ तुझे दाजी कालव्याकडे तोंड करून उभे होते, पाण्यात काही बघायला मिळत असल्यासारखे. मग कूलरची खोकी, खोक्यांना टेकून आई, आणि मागून मी व दाजी, रिकामी खुर्ची ढकलत. (रिकामी खुर्ची ढकलताना लोक जास्त बघतात.) आई मात्र वरमाईसारखी बसली होती. दुकानांच्या पाट्या बघत होती. मधेच म्हणाली, "वसंता रोज इकडूनच जात असन का?" कालव्याला पूल इतका लांब होता की ठेल्यावाला वाटेत दोनदा पाणी प्यायला थांबला. तुझ्या नकाशात कालवा नाही. एवढं पाणी तुम्ही नेमकं कुठे लपवलंत?

पुढचं तुला माहीत आहे, पण तुझ्या बाजूने. फाटकात ठेला आला, तुझे पाहुणे बाहेर उभे होते. नंदाचा चेहरा मी पाहिला. (तिला दोष देत नाही. लग्नपत्रिकेवर तिचं नाव बेबीनंदा होतं, आणि आता तिथे ते कुणाला सांगायचं नाही, एवढं तिने येता-येताच माझ्या कानात सांगून ठेवलं. तिलाही काहीबाही झाकावं लागतं.) तू पुढे आलास, आईच्या पाया पडलास, आणि तुझ्या साहेबांना म्हणालास की ही माझी आई, हिच्यामुळेच मला नकाशावर खुर्चीची खूण टाकायचं सुचलं. साहेबांनी आईशी हात मिळवला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी ठेल्यावाल्याला हाक मारली, कारण आई अजून ठेल्यावरच होती.

मग आईला जायचं होतं. तुझ्या नव्या घराचं संडासाचं दार तिच्या खुर्चीपेक्षा अरुंद निघालं. मी तिला काखेत धरून आत नेत होते तेव्हा हॉलमधून तुझा आवाज येत होता, लिफ्टचं दार किती रुंद ठेवावं लागतं ते तू साहेबांना सांगत होतास. आकडे अगदी बराबर सांगत असशील.

जेवताना दाजींनी तुला ज्वारीच्या दाण्याचं विचारलं, आणि तू हसून समजावलंस की असा नकाशा अंतराचा नसतो, जोडणीचा असतो. कोण कोणाला जोडलेलं आहे तेवढं त्यात दिसतं, मधलं अंतर किती ते बघायचं नसतं. दाजी मान डोलावत राहिले. भाकरी असती तर चावता चावता मी त्यावर विचार केला असता, पण पुरी होती.

आता मत. रंग छान आहेत. अक्षर बारीक आहे, आईच्या वयाच्या माणसाने दुसऱ्याला वाचायला लावावं लागतं. आणि खुणेचं म्हणशील तर तो निळ्या चौकोनातला माणूस फार ताठ बसलाय. त्याच्या पाठीमागे कोणी नाही. मी पुन्हा पुन्हा पाहिलं, सगळ्या स्टेशनांवर पाहिलं. त्याला खुर्चीत बसवलं कुणी, घाम कुणाचा आला, तो उठणार कसा, काहीच नाही. चौकोनात जागा नसेल.

नंदाला आशीर्वाद, पोरीला पापा. प्रकृतीला जप.

तुझी,
कांताताई

ता. क. माझी गर्भपिशवी काढायचं ठरलंय. भिण्यासारखं काही नाही, पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या की त्यानंतर तीन महिने पाण्याची कळशीसुद्धा उचलायची नाही. आईला उचलायला दुसरं कोण आहे ते तूच मोजून बघ. दाजींचं तुला सांगितलंच. शेजारच्या पोराला कधीमधी हाक मारता येते, रोज रात्री संडासला न्यायला नाही. बाई ठेवली होती, ती आठवडाभरात गेली. तेव्हा पोळ्यानंतर तू ये. तीन महिने नको म्हणत नाही, सुरुवातीचे थोडे दिवस तरी ये. नाहीतर आईला घेऊन जा आणि ते दार आधी रुंद करून घे. वरचं सगळं लिहिलं ते एवढ्यासाठीच. सरळ लिहायला बसले तर पहिल्याच ओळीत रडू येत होतं.

ता. क. आईने आत्ता विचारलं, कोणाला लिहून राह्यलीस. सांगितलं तर म्हणाली, "त्याला नको बोलवू. तो कामात असन." तेव्हा जमत नसेल तर तसं कळव, मी काही म्हणणार नाही. फक्त कारण लहानसं दे. मोठं कारण दिलंस की ती शेजारच्या मालनबाईला बोलावून सांगते, माझ्या पोरावाचून तिथलं काहीच हलत न्हाई, आणि दिवसभर खुशीत असते. ते आता मला बघवत नाही.