दुधाचं धिरडं

२१ जानेवारी १९५७
डॉक्टर येऊन गेले. विषमज्वर उतरून वीस दिवस झाले, तरी सासूबाईंना भिंत धरल्याशिवाय उभं राहवत नाही. "अंगात काही उरलंच नाही यांच्या. रोज दूध आणि दोन अंडी द्या, नाहीतर मी काही सांगू शकत नाही!"
सासूबाई माळकरी. तोंड भिंतीकडं फिरवलं. "मेले तरी चालंल. पण ते घरात येणार न्हाई."
हे डॉक्टरांना पोचवायला म्हणून गेले, ते थेट कचेरीतच. निवडणुकीच्या याद्या!

२३ जानेवारी
जीव नुसता वरखाली होतोय. अंगण दोनदा झाडलं. दूधसुद्धा दोन घोटांवर जात नाही त्यांना.
सिकंदराबादला माहेरी आमच्या शेजारी रोझीबाई राहायच्या, दवाखान्यात नर्स होत्या. भट्टीत एक धिरडं करायच्या — अंडी, दूध, मैदा घुसळून कडकडीत तुपात ओतायचं आणि दार लावायचं. उशीसारखं फुगायचं! वास सगळा तुपाचा. वेलदोडा घातला की कुणाला कळणार आहे?
असलं मनात आलं तरी कसं माझ्या!

२४ जानेवारी
शेळीचं दूध घालणाऱ्या धुरपताबाईला हळूच अंड्यांचं विचारलं. "आणते की. जोंधळ्यात दडवून आणते. पर तुमच्या सासूबाईला कळलं तर माझं नाव घेऊ नगा, बाई."

२६ जानेवारी
रॉकेलचा रिकामा डबा आडवा ठेवून परसात भट्टी केली. आत वाळू, खालीवर निखारे. पहिलं धिरडं बुडाशी कोळसा, मधे कच्चं. दुसरं फुगलंच नाही — सारखं उघडून बघत होते ना!
आतून सासूबाईंची हाक आली, "काय जळायलंय गं?"
"काही नाही, आत्याबाई. दूध उतू गेलं."
सगळं खड्डा करून पुरलं. हात राखेनं घासले, तरी वास येतोय असंच वाटतं.

२७ जानेवारी
फुगलं!
तूप धुरावेपर्यंत तापवलं. आणि झाकण उघडायचं नाही म्हणून माझ्याच हातांवर बसून राहिले. कडा कढईच्या वर चढल्या होत्या, सोनेरी. आत नेईस्तोवर खाली बसलं, पण कसं मऊ! वर गूळ किसून घातला.
"काय गं हे?"
"दुधाचं धिरडं."
अर्धं खाल्लं. बाजूला सारलेलं अर्धं थोड्या वेळानं मागून घेतलं. मी परसात जाऊन रडले.

२ फेब्रुवारी
रोज करते. रोज खोटं बोलते.

६ फेब्रुवारी
भिंत न धरता तुळशीपर्यंत गेल्या! परत येताना माझ्या डोक्यावर हात ठेवला — "तुझ्या हाताला लय चव हाय गं, कस्तुरा." मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.
ह्यांना सांगितलं. "आई चालायलीय ना? मग गप बस." त्यांना काय! ते याद्या लिहितात. खोटं मी रांधते.

९ फेब्रुवारी
शेजारच्या बायनाबाई आल्या. त्याही माळकरी. "तुझ्या सासूबाई सांगायल्या, नुसत्या दुधानं एवढं फुगतंय म्हणून. मला बी शिकव की!" सासूबाई कौतुकानं माझ्याकडं बघत होत्या.
काहीतरी थातुरमातुर सांगून घालवलं. आता हे खोटं दुसऱ्याच्या घरात शिरणार. नाही! उद्या सांगायचंच.

१० फेब्रुवारी
सांगितलं. पाय धरून सांगितलं.
त्यांनी पाय सोडवून घेतले. रांजणापाशी जाऊन चूळ भरली. मग पुन्हा. पुन्हा. तांब्या रिकामा झाला की भरायचा, परत चूळ. मी दारात उभी. थांबवू कोणत्या तोंडानं?

११ फेब्रुवारी
वेगळी चूल मांडली. आपली भाकरी आपणच थापतात. माझ्या हातचं पाणीसुद्धा नको. भिंत न धरता चुलीपाशी उठतात-बसतात — एवढंच मनाला धरून बसलेय.

१४ फेब्रुवारी
अजून अबोला. हे म्हणतात, "होईल सगळं ठीक." कधी? डबा ठेचून टाकावा म्हणून दगड घेतला, परत ठेवला. माहेरी चिठ्ठी लिहिली — फाडली. कुठंच बसवत नाही. ह्यांच्या आईला जगवलं की बाटवलं? दोन्ही खरं असेल तर?

१७ फेब्रुवारी
दुपारी सासूबाई आपणहून माझ्यासमोर येऊन बसल्या. ह्यांची थोरली बहीण, तानू, माझ्या लग्नाआधीच बाळंतपणानंतर वारली. तिचं नाव या घरात कुणी काढत नाही. आज त्यांनीच काढलं.
"तानूला बी डाक्तरानं हेच सांगितलं होतं. मीच ते उंबऱ्याच्या आत येऊ दिलं न्हाई. ती मागायची गं, कस्तुरा."